नव्या दगडाची पहिली धार

दगड फुटला तो धाकट्याच्या हातून, आणि तोही काम करताना नाही. काम करताना फुटला असता तर थोरलीने एक वेळ पोटात घातलं असतं. पण धाकट्याचा आणि त्या दगडाचा कामापुरता कधी संबंधच आला नव्हता. दुकानात नवा आरसा बसवायचा होता, चारी बाजूंनी दिवे असलेला, आणि त्याची खोकी ठेवायला त्याला मागच्या खोलीतली खिडकीजवळची फळी हवी होती. फळीवर धार लावायचा दगड होता, तेलकट फडक्यात गुंडाळलेला. राजेसाहेबांनी फडक्याचं टोक धरून ओढलं. दगड फरशीवर आपटला आणि त्याचे तीन तुकडे झाले.

"दगडच तर होता," धाकटा म्हणाला. "नवीन आणू की."

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तुकडे गोळा करत होती म्हणून बरं. हात रिकामे असते तर त्या दिवशी त्या घरात आणखीही काही फुटलं असतं.

"होतं असं कधीकधी," बाहेरून अण्णा म्हणाले. अण्णा म्हणजे दोघांचे वडील. दुकान त्यांचं, खुर्च्या त्यांच्या, आणि लेकाच्या हातून काही फुटलं की 'होतं असं' म्हणणंही त्यांचंच. थोरलीच्या हातून लहानपणी साबणाची वाटी फुटली होती, तिचा विषय मात्र अजून निघायचा.

दुकान न्हाव्याचं. पुढे दोन खुर्च्या, भिंतीला बाक, आणि मागे एक पडदा. पडद्यामागे खोली. आसपासच्या बाकीच्या दुकानांत केव्हाच अर्ध्या पात्यांचे वस्तरे आले होते. पातं लावा, दाढी करा, पातं फेका. अण्णांच्या दुकानात अजून जुना, अखंड पोलादाचा वस्तरा चालायचा, आणि लोक त्यासाठी चार दुकानं ओलांडून यायचे. कुणी धारेचं कौतुक केलं की अण्णा बाही वर सारायचे, मनगट पुढे करायचे आणि म्हणायचे, "धार दगडात नसते, मनगटात असते." गिऱ्हाईक त्या मनगटाकडे आदराने बघायचं.

मनगट चुकीचं होतं. धार लावणारं मनगट पडद्यामागे होतं. आधी ते आईचं होतं. त्याआधी आजोबांचं. अण्णांना धार लावायला बसणं जिवावर यायचं, म्हणून लग्नानंतर थोड्याच दिवसांत त्यांनी वस्तरे तिच्यापुढे ठेवले, आणि ती गेली त्या दिवसापर्यंत ते तिच्यापुढून हलले नाहीत. आईकडून काम थोरलीकडे आलं. दुकान बंद झालं की वस्तरे आत यायचे, सकाळी टॉवेलवर ओळीने मांडून बाहेर जायचे. बाहेर गेले की ती अण्णांची धार व्हायची, आणि अलीकडे धाकट्याची. "बापाचा हात उतरलाय पोरात," लोक म्हणायचे. पोरगं हसून केस मागे सारायचं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो दरवेळी सापच असतो असं नाही. कधी कधी तो दिव्यांचा आरसाही लावून घेतो.

एवढ्यावर भागलं असतं तरी थोरलीने मूग गिळले असते. सवय होती. पण त्या वर्षी अण्णांच्या डोळ्यांवर सायीसारखा पडदा आला. समोरचा माणूस दिसायचा, त्याच्या गालावरचे खुंट दिसेनासे झाले. खुर्ची सोडायची वेळ आली होती. थोरलीने दोन दिवस मनाशी शब्द जुळवले आणि तिसऱ्या दिवशी जेवताना विचारलं.

"अण्णा, तुमच्या खुर्चीवर मी उभी राहते."

अण्णांनी घास संपवला. "बाईच्या हाताखाली मान कोण देईल?"

ते रागावून म्हणाले असते तर तिला भांडता आलं असतं. ते अगदी सहज म्हणाले, आज हवा जरा गार आहे म्हणावं तसं. वर म्हणाले, "बाहेरचा एखादा माणूस बघू." म्हणजे बाहेरचा चालेल. रस्त्यावरून उचलून आणलेला, वस्तरा कुठल्या बाजूने धरायचा हे शिकवावं लागणारा चालेल. आणि त्याच्यासाठी धार लावणार कोण? तर पडद्यामागची. थोरली ताटावरून उठली. नवी पाटी रंगवून आली होती आणि कागदात गुंडाळून दाराशी उभी होती. 'अण्णा आणि चिरंजीव.' जाता येता तिचा कोपरा थोरलीच्या पायाला लागायचा, आणि दर वेळी तिला तो मुद्दाम लागतोय असंच वाटायचं.

तर दगड फुटला तो या सगळ्याच्या वर.

नवा दगड आणायला तिघं निघाली. थोरलीला बोलावलं ते दगडातलं कळतं म्हणून नव्हे. रस्ता ओलांडताना अण्णांना धरायला कुणीतरी हवं होतं, आणि धाकट्याला हातात हात धरून चालायची लाज वाटायची.

दगडवाल्याचं दुकान म्हणजे दोन इमारतींमधली एक बोळवजा जागा. करवती, कानशी, सुताराचे रंधे, आणि सगळ्यात आत एका फळीवर गोणपाट अंथरून मांडलेले दगड. दगडवाला दातांत काडी धरून स्टुलावर बसला होता. त्याने बापाकडे पाहिलं, लेकाकडे पाहिलं, आणि लेकापुढे एक खोकं उघडून ठेवलं. आत दगड होता. पांढराशुभ्र, गुळगुळीत, चारी कोपरे काटकोनात, आणि बाजूला भला मोठा आकडा छापलेला.

"कारखान्याचा आहे. आकडा जितका मोठा तितका बारीक," दगडवाला म्हणाला. "पाण्यावर चालवायचा."

"बघा अण्णा, याहून मोठा आकडाच नाही," धाकटा म्हणाला. तो दगडाकडे कमी आणि खोक्याकडे जास्त बघत होता.

थोरलीने अण्णांचा हात सोडला नाही, पण मोकळ्या हाताने ती गोणपाटावरचे दगड बघू लागली. आईने शिकवलं होतं ते असं. आधी दगडावर पाण्याचा थेंब टाकायचा. लगेच प्यायला तर दगड मऊ, पातं खाईल. थेंब नुसताच घरंगळला तर दगड आडमुठा, पात्याला धरणारच नाही. थेंब पसरावा, थांबावा आणि विचार करून आत जावा. मग बोटाच्या नखाने वाजवायचा. आतून चीर असेल तर भांडं फुटल्यासारखा बद्द बोलतो. मग फुंकर घालायची आणि वाफ उडताना उजेडात तिरका धरायचा, कारण दगडातली कठीण शीर तेवढ्यापुरती दिसते आणि मग लपते. एकच शीर, केसाएवढी, आणि ती सगळ्या पात्याला दाते पाडते. पुस्तकाएवढे चार दगड तिने बाजूला सारले. पाचवा हाताच्या पंजाएवढा होता, राखाडी, एका कोपऱ्याला टवका उडालेला. थेंब पसरला, थांबला, आत गेला. नखाखाली दगड स्वच्छ वाजला.

"अण्णा, हा घ्या."

"हा?" धाकटा हसला. "ताई, हा दार अडवायला बरा आहे. टवका उडालाय त्याचा."

"टवक्यावर कोण वस्तरा फिरवतं?"

दगडवाल्याने काडी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. तो अण्णांना म्हणाला, "हाताहाताला वेगळा दगड मानवतो. तुमच्याकडे धार कोण लावतं?"

साधा प्रश्न. दुकानदाराने विचारावा तसा विचारलेला. थोरलीचा हात अण्णांच्या कोपराखाली होता आणि तिला स्पष्ट कळलं की तो कोपर जरा ताठ झाला. तिला एकदम वाटलं, आता म्हणतील. इथे गिऱ्हाईक नाही, ओळखीचं कुणी नाही, एका परक्या माणसापुढे म्हणायला काय जातंय?

"मुलगा," अण्णा म्हणाले.

दगडवाल्याने पांढरा दगड खोक्यात घालून धाकट्याच्या हातात दिला.

घरी येईपर्यंत थोरली बोलली नाही. रस्ता ओलांडताना तिने अण्णांचा हात धरला, खड्डा आला तेव्हा "खाली बघा" म्हणाली, तेवढंच. पण मनात तिने त्या म्हाताऱ्याला भर रस्त्यात उभं करून एवढं सुनावलं की मनातल्या मनात तिचा आवाज बसला. हाताला माझ्या धरतोस आणि नाव त्याचं घेतोस! असं मनात ती वडिलांना अरे-तुरे करत होती, आणि त्याचं तिला काही वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती एकटी परत गेली आणि स्वतःच्या पैशांनी तो राखाडी दगड घेतला.

"कुणासाठी?" दगडवाल्याने विचारलं.

"माझ्यासाठी."

त्याने काडी दातांतून काढली. "काल तुम्ही थेंब बघत होतात," तो म्हणाला, आणि त्याच दगडाचा एक लहान तुकडा, वर घासायला, त्याने न मागता पुडीत बांधून दिला.

त्या संध्याकाळी वस्तरे आत आले नाहीत. म्हणजे आले, धाकट्याने नेहमीसारखे पडद्याआड सरकवले. थोरलीने ते उचलले, बाहेर आणले आणि पांढऱ्या दगडाशेजारी ठेवले.

"धार लावणारा तू ना?" ती म्हणाली. "मग लाव."

"ताई, काय पोरकटपणा आहे? सकाळी गिऱ्हाईक येणार."

"येऊ दे की. दगड नवा, आकडा मोठा, मनगट बापाचं. अजून काय हवं?"

तिने पडदा ओढून घेतला. आत बसून ती ऐकत राहिली. ऐकायचं नव्हतं, पण ज्या कानांनी जन्मभर तोच आवाज ऐकला ते कान मिटता येत नाहीत. आधी बराच वेळ काहीच नाही. मग धाकट्याने विचारलं, "पाणी घालायचं म्हणाला ना तो?" आणि अण्णा ठसक्यात म्हणाले, "पाणी कसलं? आपल्या घरचा दगड तेल पितो. तीन पिढ्या तेल पितो. केस कापायच्या यंत्राचं तेल आहे ना, ते घाल."

थोरलीने कपाळावर हात मारला. जुना दगड तेल प्यायचा, खरं आहे. पण तो दगड होता म्हणून, आपलं घर होतं म्हणून नव्हे. या पांढऱ्याची भोकं तेलाने बुजली की तो काच होतो. पातं त्यावर नुसतं घसरतं. ज्याने स्वतः धार लावली असती त्याला हे पहिल्या दोन हातांतच कळलं असतं. ज्याने बायकोला लावताना दारातून पाहिलं होतं, त्याला तेलाची बाटली तेवढी आठवली.

पातं घसरू लागलं. मग धाकट्याने तेच केलं जे न येणारा प्रत्येक माणूस करतो: जोर लावला. खर्र, खर्र, खर्र. वस्तऱ्याला स्वतःच्या वजनापलीकडे गुंजभरही जोर सोसत नाही. जोर लावला की पात्याच्या कडेला पोलादाची एक झालर उभी राहते, डोळ्याला न दिसणारी. अंगठ्याला ती झालर धारेहून धारदार लागते. दंडावरचे केस झरझर उतरवते. आणि मग दाढीवर, दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या हाताला, ती मोडते.

उठून दोन वाक्यं सांगितली असती तर काम झालं असतं. थोरली उठली नाही. उद्या सकाळी कुणाचं काय होणार हे तिला ठाऊक होतं. घराचा एक जुना नियम होता, आजोबांनी घातलेला: नव्या दगडाची पहिली धार घरच्या गालावर, गिऱ्हाइकाच्या नाही. म्हणजे गिऱ्हाइकाला धोका नव्हता. गाल अण्णांचा होता. होऊ दे, ती मनात म्हणाली. एकदा होऊच दे.

सकाळी बाकावर दोघे होते. एक बेकरीवाला, त्याची दाढी जाड आणि कातडी नाजूक, त्यामुळे तो दुसऱ्या कुठल्या दुकानात पाऊल टाकत नसे. दुसरे मास्तर. मास्तरांना निवृत्त होऊन जमाना झाला होता, ऐकू कमी यायचं, आणि ते दाढीपेक्षा फुकटच्या वर्तमानपत्रासाठी यायचे. अण्णा स्वतःच्या खुर्चीत बसले, गळ्याभोवती टॉवेल. धाकट्याने सगळ्यांना दिसेल असा वस्तरा दंडावर फिरवला. केस उतरले.

"वा!" बेकरीवाला म्हणाला.

पडद्याच्या फटीतून थोरली बघत होती. पहिला हात चांगला गेला. दुसरा जरा अडखळला. तिसऱ्याला अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि चौथ्याला फेसातून लाल रेघ उमटली.

"हलू नका ना अण्णा."

"मी हललो नाही."

धाकट्याने दुसरा वस्तरा घेतला. तोही तसाच. हनुवटीखाली आणखी एक रेघ. बेकरीवाल्याचा हात नकळत स्वतःच्या गळ्याकडे गेला. "दगडच फसवा निघाला," धाकटा म्हणाला, आणि थोरली फटीमागे दातओठ खात पुटपुटली, "नाचता येईना, अंगण वाकडं."

अण्णांनी हात वर केला आणि वस्तरा बाजूला सारला. अर्धी दाढी झालेली, अर्धा फेस वाळत चाललेला, दोन ठिकाणी रक्त.  मग त्यांनी पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नेहमीच्या हलक्या आवाजात म्हणाले, "वस्तरे आत दे."

आत दे! नाव नाही. हाक नाही. भिंतीतल्या कोनाड्यात ठेवावेत तसे आत दे, आणि सकाळी कोनाड्यातून धार लागून बाहेर येतील. थोरलीच्या रागाला इतका वेळ निदान एक बूड होतं. ते सुटलं.

तिने पडदा असा ओढला की त्याच्या दोन कड्या दांडीवरून निखळल्या. एका हातात टॉवेलवर राखाडी दगड, दुसऱ्या हातात पाण्याची वाटी.

"आत काहीही येणार नाही," ती म्हणाली. "मी बाहेर आलेय."

"ताई, गिऱ्हाईक बसलंय," धाकटा दबक्या आवाजात म्हणाला.

"दिसतंय मला. म्हणून तर आले."

नव्या आरशाखालच्या फळीवरच्या बाटल्या तिने हाताने एका बाजूला लोटल्या. एक बाटली पडली. तिने उचलली नाही. दगड मांडला, पाणी घातलं, लहान तुकड्याने वर गोल गोल घासला. पाणी दुधासारखं झालं. धाकट्याच्या हातातून तिने वस्तरा काढून घेतला, फडक्याने पुसला, लाकडाच्या कडेवरून एकदाच ओढला आणि उभी राहिलेली झालर मोडून टाकली. मग तो दगडावर आडवा निजवला. पाठ दगडाला, धार दगडाला, दोन्ही एकदम. पुढे, तिरका; पाठीवर वळवून मागे, तिरका. पुढे, मागे. राग तिच्या खांद्यापर्यंत येत होता आणि तिथेच थांबत होता. मनगटात तिने त्याला येऊ दिलं नाही.

दुकानात दुसरा आवाज नव्हता. सूं, सूं, सूं, सूं.

"अहो," बेकरीवाला एकदम म्हणाला, "हा आवाज तर रोज येतो आतून! मला वाटायचं आत काहीतरी वाटण चाललेलं असतं."

"वाटणच चाललेलं असतं," थोरली वर न बघता म्हणाली. "इतकी वर्षं चाललंय."

 मास्तरांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. ऐकू आलं नाही तरी काहीतरी बघण्यासारखं घडतंय हे त्यांना कळलं होतं. वेळ लागला. तिने घाई केली नाही. बसायचं त्याने बसावं, जायचं त्याने जावं. कुणी गेलं नाही. शेवटी तिने वस्तरा पुसला, भिंतीवरच्या चामड्याच्या पट्ट्यावर सपासप फिरवला, आणि धाकट्याने सवयीने हात पुढे केला.

"आण ताई."

तिने त्या हाताकडे पाहिलं. स्वच्छ, गुबगुबीत, कुठेही घट्टा नसलेला हात. तिने वस्तरा दिला नाही. ब्रश घेतला, वाटीत फेस केला आणि वडिलांच्या गालावर नव्याने फासला.

"नव्या दगडाची पहिली धार घरच्या गालावर," ती म्हणाली. "नियम आजोबांचाच आहे. हा दगड नवा आहे. गाल घरचा आहे. मान वर करा, अण्णा."

अण्णा हलले नाहीत. आरशाभोवतीचे सगळे दिवे त्यांच्या चेहऱ्यावर पडले होते. सायीमागच्या त्या डोळ्यांना आरशात काय दिसत होतं देव जाणे. बहुतेक खुर्चीमागे उभी असलेली एक आकृती, आणि तिच्या हातात चकाकणारं काहीतरी. बाईच्या हाताखाली मान कोण देईल, असं हाच माणूस म्हणाला होता. ते थोरलीला आठवलं. त्यांनाही आठवलं असावं, कारण त्यांचे कान लाल झाले.

"मान," ती म्हणाली.

अण्णांनी मान वर केली.

त्या दुकानाचा दुसराही एक नियम होता, आणि तो आजोबांचा नव्हे, अकलेचा होता: वस्तरा मानेवर असताना खुर्चीतल्या माणसाने बोलायचं नाही. अण्णांनी जन्मभर त्याचा फायदा घेतला होता. कितीतरी गळ्यांवर वस्तरा ठेवून त्यांनी आपल्या मनगटाची कथा सांगितली होती. आता वस्तरा थोरलीच्या हातात होता, आणि तिच्याजवळही सांगायला कथा होती.

"परवा त्या माणसाने विचारलं, धार कोण लावतं," ती म्हणाली, आणि वस्तरा कानापासून खाली उतरला, लोण्यातून उतरावा तसा. "तुम्ही म्हणालात, मुलगा. माझ्या हाताला धरून म्हणालात. हात माझा सोडला असतात तर मी काही बोलले नसते." पात्यावरचा फेस तिने पुसला. "मुलाला पाणी कुठलं आणि तेल कुठलं कळत नाही. तुम्हालाही कळत नाही. तुम्ही दगडाला शेवटचा हात कधी लावलात? सांगू नका. आता बोलायचं नाही."

वस्तरा गळ्यावर आला. अण्णांच्या गळ्याची घाटी वर सरकली. थोरलीने पातं तिथल्या तिथे उचललं.

"आधी गिळून घ्या," ती म्हणाली. त्यांनी गिळलं. घाटी खाली येऊन स्थिरावली, तेव्हाच पातं परत टेकलं.

"माझं राहू दे. मी भांडून घेईन, मला तोंड आहे. आईला नव्हतं. ती त्या खिडकीपाशी बसायची. बोटं पाण्यातेलाने फाटलेली असायची. रात्री दुधाच्या सायीने चोळायची. बाहेर तुम्ही मनगट दाखवायचात आणि आत तिला ऐकू जायचं. मला वाटायचं ती हसते. ती हसत नव्हती अण्णा, ओठ चावायची. मी मोठी झाल्यावर मला कळलं, कारण मीही चावायला लागले." तिने त्यांची हनुवटी दोन बोटांनी दुसऱ्या बाजूला वळवली, जराही न दुखवता. "ती गेली तेव्हा चार लोक तुम्हाला म्हणाले, घर सांभाळणारी गेली. तुम्ही हो म्हणालात. दुकान सांभाळणारी गेली असं एकदा, एकदा तरी म्हणायला हवं होतंत."

धाकटा बाटली उचलायच्या निमित्ताने खाली वाकला आणि बराच वेळ वर आला नाही.

सुलटा हात झाला, उलटा झाला. कुठे ओरखडा नाही. धाकट्याने पाडलेल्या दोन रेघांवर तिने तुरटी दाबली. अण्णांनी श्वास आत ओढला.

"झोंबणारच," ती म्हणाली आणि टॉवेल काढला.

अण्णांनी हाताची पालथी बाजू गालावरून वर नेली, खुंटांच्या उलट दिशेने, धार तपासायची त्यांची जुनी रीत. एकदा. दुसऱ्यांदा. थोरली वाट बघत होती, आणि आपण अजूनही या माणसाच्या शब्दाची वाट बघतोय याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला.

शेवटी बेकरीवाल्याला राहवलं नाही. "अण्णा," त्याने विचारलं, "म्हणजे इतकी वर्षं धार लावायचं कोण?"

तोच प्रश्न. तसाच साधा. या वेळी अण्णांच्या कोपराखाली तिचा हात नव्हता.

"हिची आई," अण्णा म्हणाले. मग घसा खाकरून, खालच्या आवाजात, "आणि मग ही."

 तिने वस्तरा मिटून फळीवर ठेवला. पण राग गेला? छे. एका वाक्याने जायला तो काय साबणाचा फेस होता?

"मोठ्याने सांगा," ती म्हणाली. "मास्तरांना कमी ऐकू येतं."

अण्णांनी तिच्याकडे मान वळवली. मग खुर्चीचे हात धरून ते उभे राहिले, मास्तरांच्या दिशेला वळले आणि ओरडले, असे की रस्त्यावरून चाललेला एक माणूस थबकून आत बघू लागला.

"धार हिची आई लावायची! आता ही लावते! मी कधी लावली नाही!"

"अस्सं," मास्तर म्हणाले. त्यांनी डोकं हलवलं, चष्मा पुसला, आणि सरळ मनाने, शंका म्हणून विचारलं, "मग तुम्ही काय करायचात?"

  अण्णा भिंतीला हात लावत लावत, बाकावर मास्तरांच्या शेजारी जाऊन बसले.

धाकट्याने दगड टॉवेलसकट उचलला आणि सवयीने पडद्याकडे निघाला. थोरलीने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्याने दगड परत आरशाखाली ठेवला.

"बसा," ती बेकरीवाल्याला म्हणाली, आणि ब्रश पाण्यात बुडवला.